रिमूव्हचं बटणच नाही, मग एक्स्टेंशन काढायचं कसं?

राजेंद्र नगर, इंदूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

«घरी एकच कॉम्प्युटर, विंडोज ११ चा. सून त्यावर दोन-तीन दुकानांचं जीएसटीचं काम करते. मी मध्य प्रदेश सरकारच्या समग्र पोर्टलची केवायसी, वीजबिल आणि बँकेचं बघते. दोन महिन्यांपूर्वी बिलांच्या पीडीएफ करायला एक फुकटचं कन्व्हर्टर उतरवून घेतलं. तेव्हापासून क्रोममध्ये काहीही शोधलं की आधी अनोळखी पान क्षणभर चमकतं आणि मग याहूचे निकाल येतात. एक्स्टेंशनच्या, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या, यादीत दोन नावं आम्ही टाकलेली नाहीत. एकाला रिमूव्हचं बटणच नाही, दुसरं काढलं तरी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की हजर. मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं येतं. उजव्या कोपऱ्यात व्हायरस सापडल्याचे निरोप येतात, त्यात फोन नंबरही असतो. दुकानदारानं फॉरमॅट मारून दिलं. सुनेनं जीमेलनं साइन-इन केल्याबरोबर एक परत आलं आणि डी ड्राइव्हवरची जपून ठेवलेली सॉफ्टवेअरं टाकल्यावर दुसरंही. आता तो हार्ड डिस्क बदला म्हणतो. बदलू का?»

ताई, हार्ड डिस्क बदलू नका. तिचा यात काडीचा संबंध नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा तो खर्च होईल. फॉरमॅट करून सी ड्राइव्ह धुऊन निघाला, पण रोग दोन वेगळ्या ठिकाणी जसाच्या तसा बसून होता: एक सुनेच्या गूगल खात्यात आणि एक डी ड्राइव्हवरच्या सेटअपमध्ये. साइन-इन करताच जे आलं ते खात्यातून आलं, सॉफ्टवेअर टाकल्यावर जे आलं ते सेटअपनं आणलं. हे तुम्ही नेमकेपणानं लिहिलंत म्हणून पुढचं काम सोपं झालं.

आधी हे कळू द्या की बटण का नाही. मोठ्या कंपन्यांना शंभर कॉम्प्युटरांवर एकच एक्स्टेंशन बसवायचं असतं आणि कर्मचाऱ्यानं ते काढू नये असंही वाटत असतं. त्यासाठी क्रोममध्ये पॉलिसी नावाची सोय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, ठराविक जागी नोंद केली की क्रोम ती मालकाचा हुकूम समजून पाळतं, रिमूव्हचं बटण काढून घेतं आणि मेनूत ‘मॅनेज्ड’ असं लिहितं. कन्व्हर्टर टाकताना स्क्रीन मंद होऊन परवानगी विचारली गेली असेल. तिथे ‘यस’ दाबलं की त्या प्रोग्रामला रजिस्ट्रीत लिहायचा अधिकार मिळतो. तुमच्या घरातली ‘ऑर्गनायझेशन’ म्हणजे तो कन्व्हर्टर.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर जाहिरातीच्या पैशासाठी. तुमचा शोध आधी त्यांच्या पत्त्यावरून जातो, तिथे त्यांची खूण लागते, मग याहू किंवा बिंगकडे पाठवला जातो. जाहिरातीवर क्लिक झालं की वाटा त्यांना. ते चमकून जाणारं पान म्हणजे ही मधली चौकी. एवढ्यावरच थांबलं असतं तर चिडचिड इतकाच त्रास होता. पण अशा एक्स्टेंशननं बहुतेक वेळा ‘सगळ्या वेबसाइटवरचा मजकूर वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी घेतलेली असते. म्हणजे बँकेच्या पानावर टाइप केलेला पासवर्डही त्याला वाचता येतो. म्हणून सफाई होईपर्यंत या कॉम्प्युटरवर बँक आणि जीएसटी पोर्टल दोन्ही बंद ठेवा.

दोन तास मोकळे काढा आणि क्रम मोडू नका. क्रम चुकला की केलेलं वाया जातं. आधी एक्स्टेंशन काढलं आणि त्याला पुन्हा बसवणारा तसाच राहिला, तर काम शून्यावर येतं. तुमचं आजवर तेच होत आलं आहे.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत क्रोम, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि एक्स्टेंशन्स असं टाइप करा. उजवीकडे वर ‘डेव्हलपर मोड’ चालू केलं की प्रत्येक एक्स्टेंशनखाली त्याचा आयडी दिसतो: ३२ अक्षरांची, फक्त ए ते पी या अक्षरांतली लांबलचक ओळ. दोन्ही अनोळखी एक्स्टेंशनांचे आयडी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नावं फसवी असतात, आयडी नसतो. पुढे प्रत्येक पायरीवर हाच आयडी शोधायचा आहे. त्याच पद्धतीनं क्रोम://पॉलिसी उघडा. तिथे ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ अशी ओळ असेल आणि तिच्या किमतीत त्या दोनांपैकी एक आयडी दिसेल. दिसला की निदान पक्कं.

एक सावधगिरी. सुनेला एखाद्या फर्मनं दिलेला लॅपटॉप असेल तर त्यावर असं काही करू नका. तिथे पॉलिसी खरोखरच मालकाची असू शकते. काही अँटिव्हायरसही आपलं एक्स्टेंशन याच वाटेनं बसवतात. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र हे पान रिकामं असायला हवं.

दुसरं, सिंक थांबवा, म्हणजे गूगल खात्यातलं सामान आपोआप क्रोममध्ये उतरणं बंद करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये गूगल खात्याच्या सिंकच्या यादीत ‘एक्स्टेंशन्स’ची खूण काढा. ही यादी ‘मॅनेज व्हॉट यू सिंक’मध्ये सापडते. हे न करता पुढे गेलात तर सगळं साफ झाल्यावर खातं जुनं सामान पुन्हा घरात आणून ठेवेल.

आता ज्यानं हे आणलं त्याला बाहेर काढा. विंडोजच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, आणि यादी तारखेनुसार लावा. फॉरमॅटनंतर कन्व्हर्टर ज्या दिवशी टाकलं त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी बघा. कन्व्हर्टरच्या बरोबरीनं एखादा ब्राउझर, ‘अपडेटर’, ‘डाउनलोड मॅनेजर’ किंवा ‘पीसी क्लीनर’ आलेला असतो. सगळे अनइन्स्टॉल करा. इथे खिडक्या सावकाश वाचा. ‘ठेवा’ असं मोठ्या रंगीत बटणावर आणि ‘काढा’ असं फिकट बारीक अक्षरांत लिहून लोकांना चुकवलं जातं.

यानंतरची जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि परत येण्याचं कारण बहुधा तिथेच असतं: टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय. विंडोजची कळ आणि एस दाबून टास्क शेड्युलर शोधा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक केलं की मधे कामांची यादी येते. एकेक ओळ निवडून खाली ‘अ‍ॅक्शन्स’ या टॅबमध्ये बघा. तिथे ‘पॉवरशेल’ (विंडोजचं आज्ञा चालवणारं साधन) असेल, त्यापुढे ‘विंडोस्टाइल हिडन’ आणि ‘एक्झिक्युशन पॉलिसी बायपास’ असे शब्द असतील, आणि शेवटी अ‍ॅपडेटा किंवा प्रोग्रामडेटा फोल्डरमधल्या एखाद्या विचित्र नावाच्या फाइलचा पत्ता असेल, तर चोर सापडला. अर्थ असा की दर वेळी कॉम्प्युटर चालू झाला किंवा दर काही तासांनी, कुठलीही खिडकी न दाखवता, ती फाइल चालवायची. ती फाइल रजिस्ट्रीतली नोंद तपासते आणि नसेल तर पुन्हा लिहिते. पॉवरशेलऐवजी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ आणि व्हीबीएस किंवा जेएस फाइल असाही प्रकार असतो.

नावावर जाऊ नका. ही कामं मुद्दाम अधिकृत वाटणारी नावं घेतात. गूगलच्या आणि एजच्या अपडेटची, वनड्राइव्हची कामंही याच यादीत असतात, ती खरी आहेत. फरक अ‍ॅक्शनमधल्या पत्त्यावरून कळतो: खरा अपडेटर गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या नावाच्या फोल्डरमधला प्रोग्राम थेट चालवतो, लपूनछपून स्क्रिप्ट चालवत नाही. डावीकडच्या झाडातल्या ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरच्या आतल्या कामांना उगाच हात लावू नका. तिथलं एखादं चुकून उडालं तर विंडोजचीच गैरसोय होते. संशयित कामावर आधी ‘डिसेबल’ करा, फाइलचा पत्ता वहीत उतरवून घ्या, आणि दोन दिवस सगळं सुरळीत चाललं की मग ‘डिलीट’ करा. उतरवून घेतलेल्या पत्त्यावरची फाइलही त्याच वेळी काढा. पत्ता वाचता येत नसेल तर सुनेला दाखवा, घाईनं काही उडवू नका.

मग रजिस्ट्री. विंडोजची कळ आणि आर, त्यात रेगएडिट. डावीकडून एचकेवाय लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल, त्यात क्रोम असं आत जा. क्रोमच्या आत ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ हे फोल्डर असेल, त्यात १, २ अशा नावांच्या ओळी आणि समोर तुमचा ओळखीचा आयडी. ‘क्रोम’ या फोल्डरवर उजवं क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’ करा, म्हणजे चुकलंच तर परत आणता येईल. मग तेच फोल्डर डिलीट करा. घरच्या कॉम्प्युटरवर ते नसलं तरी क्रोमचं काही अडत नाही. हाच प्रवास एचकेवाय करंट यूजरपासूनही करून बघा, तिथे दुसरी प्रत असू शकते. पॉलिसीजमध्येच मायक्रोसॉफ्ट आणि त्यात एज असेल तर तेही बघा. हे प्रोग्राम सहसा दोन्ही ब्राउझरांत घुसतात. ‘मायक्रोसॉफ्ट’ हे अख्खं फोल्डर उडवू नका, फक्त आतलं ‘एज’.

क्रोम://पॉलिसीवर जाऊन ‘रीलोड पॉलिसीज’ दाबा. यादी रिकामी झाली पाहिजे. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. रीस्टार्टनंतर ओळ परत आली तर बहुधा दोनांपैकी एक शक्यता: टास्क शेड्युलरमधलं एखादं काम नजरेतून सुटलं, किंवा नोंद ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे विंडोज असे हुकूम जिथे साठवतं त्या, फाइलमध्येही ठेवलेली आहे. दुसऱ्या शक्यतेसाठी सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ग्रुपपॉलिसी या फोल्डरमध्ये बघा. ते लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली आधी दिसत्या करा. आतल्या ‘मशीन’ आणि ‘यूजर’ फोल्डरांमधली ‘रजिस्ट्री’ नावाची, पीओएल प्रकारची फाइल काढा, रजिस्ट्रीतलं क्रोमचं फोल्डर पुन्हा डिलीट करा आणि रीस्टार्ट करा.

इथपर्यंत आलात की उरलेलं भराभर होतं. हुकूम गेला की पहिलं एक्स्टेंशन आपोआप नाहीसं होतं किंवा त्याला रिमूव्हचं बटण येतं. दुसरंही आता काढा, ते परत येणार नाही. लक्षात ठेवा, एक्स्टेंशन प्रोफाइलपुरतं असतं. क्रोममध्ये तुमचं आणि सुनेचं प्रोफाइल वेगळं असेल तर दोन्हीकडे बघावं लागेल. मग क्रोमच्या सेटिंगमधून ‘रीसेट सेटिंग्ज’ करा, तेही दोन्ही प्रोफाइलमध्ये. यानं शोधयंत्र, सुरुवातीचं पान आणि नवा टॅब मूळ जागी येतात, उरलेली एक्स्टेंशन्स बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड तसेच राहतात, तेवढी काळजी नको. हे रीसेट आधी करून उपयोग नव्हता, कारण पॉलिसीपुढे रीसेटचं काही चालत नाही.

डेस्कटॉपवरच्या आणि टास्कबारवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. ती सहसा क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्ह इथे संपते. पुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो शॉर्टकट टाकून नवा बनवा.

कोपऱ्यातल्या व्हायरसच्या निरोपांचा या दोन एक्स्टेंशनांशी बहुधा संबंध नाही. कुठल्या तरी साइटनं ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं सांगितलं असेल आणि ते दाबलं गेलं असेल. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा, परवानगी दिलेल्या साइटांच्या यादीतून अनोळखी सगळ्या काढा, निरोप थांबतील. त्यातल्या नंबरवर फोन मात्र कधीही करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलून एनीडेस्क हे कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि मग खातं मोकळं होतं. असा फोन झालाच असेल आणि पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा आणि बँकेलाही लगेच सांगा.

आता तपासणी. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एक्सक्लूजन्स’ उघडा. ही यादी साधारणपणे रिकामी असते. तिथे एखादं फोल्डर नोंदवलेलं दिसलं तर डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसला, त्याच्याकडे बघूच नको असं कोणीतरी सांगून ठेवलं आहे. ती नोंद काढा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. कॉम्प्युटर स्वतः रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधी तपासतो, साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडवक्लीनर हे फुकट साधन घ्या. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि त्याच्या सेटिंगमध्ये क्रोमच्या पॉलिसी रीसेट करायचीही सोय आहे. ते फक्त कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. ‘हायजॅकर (ब्राउझर ताब्यात घेणारा प्रोग्राम) कसा काढावा’ असं शोधल्यावर येणाऱ्या पानांवर जी क्लीनर विकली जातात त्यांपासून दूर राहा. पुष्कळ लोक आगीतून फुफाट्यात तिथेच पडतात. गूगलचं स्वतःचं क्रोम क्लीनअप टूल २०२३ साली बंद झालं, तेव्हा त्या नावानं कोणी काही देऊ करत असेल तर घेऊ नका.

डी ड्राइव्हवरचं ते जपून ठेवलेलं फोल्डर उघडा आणि कन्व्हर्टरचं सेटअप कायमचं डिलीट करा, रीसायकल बिनमधूनसुद्धा. त्याच फोल्डरमध्ये फुकटात मिळवलेलं ऑफिस, क्रॅक, कीजेन अशी परवाना चुकवायची साधनं असतील तर तीही. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगणारं कुठलंही सेटअप घरात ठेवायच्या लायकीचं नसतं. सुनेला बिलांच्या पीडीएफसाठी कशाचीच गरज नाही: एक्सेल किंवा वर्डमधून प्रिंट द्यायचं आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. विंडोजमध्ये ते आधीपासून असतं. मराठी टायपिंगसाठीही काही उतरवू नका. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की फोनेटिक कीबोर्ड मिळतो.

समग्रची केवायसी करताना गूगलवर शोधून पहिल्या दुव्यावर क्लिक करायची सवय असेल तर ती सोडा. पहिले एक-दोन दुवे जाहिरातीचे असू शकतात. पोर्टलचा पत्ता समग्र डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. स्वतः टाइप करा आणि बुकमार्क करून ठेवा. जीएसटी, बँक आणि वीज कंपनीच्या पानांचंही तसंच करा.

पासवर्ड बदलायला सफाईची वाट बघायची गरज नाही. आजच मोबाइलवरून बदला. आधी जीमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच्यावरून परत मिळवता येतात. मग बँक, मग ज्या दुकानांचं काम सून करते त्या प्रत्येकाचं जीएसटी लॉगिन. दुकानदारांना कळवायला संकोच वाटेल, तरी कळवा. त्यांचा पासवर्ड या कॉम्प्युटरवर टाइप झालेला आहे आणि त्यांना हे माहीत असायला हवं. गूगल खात्याच्या ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन हा कॉम्प्युटर आणि अनोळखी असतील ती सगळी साधनं साइन-आउट करा. नुसत्या पासवर्ड बदलण्यावर विसंबू नका: चोरलेल्या कुकीवर, म्हणजे ब्राउझरनं ठेवलेल्या लॉगिनच्या खुणेवर, उघडं राहिलेलं लॉगिन साइन-आउट केल्यानं मरतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्येही नजर टाका.

आठवडाभर रोज कॉम्प्युटर चालू केल्यावर क्रोम://पॉलिसी आणि एक्स्टेंशन्सची यादी एकदा बघा. आठ दिवस दोन्ही स्वच्छ राहिली की सिंकमध्ये ‘एक्स्टेंशन्स’ची खूण परत करता येईल. त्याआधी गूगलच्या सिंकच्या पानावर, म्हणजे क्रोम डॉट गूगल डॉट कॉम, तिरकी रेघ, सिंक, इथे जाऊन तळाचं ‘डिलीट डेटा’ दाबा. खात्यात साठलेली जुनी प्रत पुसली जाते, कॉम्प्युटरवरचे बुकमार्क आणि पासवर्ड जागेवर राहतात. हे करताना सिंक थांबतं, ते मग याच साफ झालेल्या कॉम्प्युटरवरून चालू करा, म्हणजे खात्यात नवी प्रत इथूनच जाईल.